तारखेपुरतं बीपी

महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी आमच्या गावात कुणालाच बीपी नसायचं. आमच्या म्हणजे माझं उपकेंद्र आहे त्या गावात. मी राहायला हिंगोलीत. सकाळच्या एसटीनं सेनगावकडे निघायचं, फाट्यावर उतरायचं, पुढं चालत नाहीतर कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून गाव गाठायचं, हे गेली एकोणीस वर्षं चाललंय. एवढ्या वर्षांत बाळंतपणं केली, लसी टोचल्या, पोलिओचे डोस पाजले, कोरोनात लोकांच्या शिव्या खाल्ल्या. आता बीपी मोजते. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाच्या दंडाला पट्टा बांधायचा, मशीनचं बटण दाबायचं, वरचा आकडा आणि खालचा आकडा कार्डावर लिहायचा, तोच परत मोबाइलमध्ये भरायचा. दंड बदलतो, बाकी काही बदलत नाही.

मी थकले आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझ्याकडून हुरूप वगैरे मागणार नाही.

बीपी हा खुर्चीत बसणाऱ्यांचा आजार, असं मला नर्सिंगच्या पुस्तकापासून वाटत आलं होतं. साहेबलोकांचा, चिडक्या सासऱ्यांचा, जाड माणसांचा. गावात मोजायला लागलो तेव्हा कळलं, घरोघरी मातीच्या चुली. ज्यानं जन्मभर वखर हाकला त्याला आहे. जिच्या अंगावर मूठभर मांस नाही त्या बाईला आहे. एका घरात सासू आणि सून आयुष्यात पहिल्यांदा एका गोष्टीवर एक झाल्या, दोघींचं वरचं एकशे सत्तर निघालं. माझ्या नवऱ्याला आहे, थोरल्या दिरांना आहे, आणि पट्टा बांधता बांधता एक दिवस सहज स्वतःच्या दंडाला बांधला तर मलाही आहे.

याची एकच खोड. काही दुखत नाही. ताप आला की माणूस आडवा होतो, दाढ दुखली की रात्रभर रडतो आणि सकाळी दवाखान्याच्या दारात हजर होतो. बीपी गुपचूप बसून असतं. "काहीच होऊन न्हाई राहिलं, तर गोळी काहून खायची?" हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेलाय की उत्तर देताना माझं मन दुसरीकडे फिरून येतं. प्रशिक्षणाला गेलो होतो तेव्हा एका डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं की हे आपल्याकडेच आहे असं समजू नका. जगात कुठंही जा, ज्यांना बीपी आहे त्यातल्या कितीतरींना ते माहीतच नसतं. माहीत असतं त्यातले कितीतरी औषध घेत नाहीत. आणि घेतात त्यातल्याही कितीतरींचं आटोक्यात येत नाही. त्यांनी फळ्यावर एकाखाली एक पायऱ्या काढल्या होत्या. मी वहीत उतरवून घेतल्या. आमच्या गावानं काढलेली पायरी मात्र त्या फळ्यावर नव्हती.

ती सांगायची तर चाचीपासून सांगावं लागेल.

चाची म्हणजे गावातली बांगडीवाली. साठीच्या पुढची असेल. घराणंच बांगड्यांचं, सासऱ्यानंतर नवरा आणि नवऱ्यानंतर ती. डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन आसपासची सात-आठ गावं पायी करायची, साखऱ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर मला कितीदा तरी समोरून येताना दिसायची. आमच्या भागात एकाही नवरीचा चुडा तिच्याशिवाय भरला जात नसे. काचेची बांगडी, तीही मापाची, नवरीच्या हातात चढवायची म्हणजे सोपं काम नाही. चाची आधी नुसता हात हातात घेऊन बसायची, गप्पा मारायची, बोटं दाबून दाबून मऊ करायची, अंगठा आत दुमडायची, आणि पोरगी सासरच्या विचारात गुंतली की बांगडी मनगटावर. एखादी फुटलीच तर ती फुटली म्हणायची नाही, "वाढली" म्हणायची. चुडा भरून झाला की नवरी तिला वाकून नमस्कार करायची आणि चाची तिच्या डोक्यावर उजवा हात ठेवायची.

तिचं बीपी मी पहिल्यांदा मोजलं तेव्हा वरचं दोनशेच्या आसपास होतं. मी तिला तेव्हाच स्पष्ट सांगितलं होतं, "चाची, हे असंच राहिलं तर एक दिवस अंगावरून वारं जाईल. हात जाईल."

तिनं उजवा हात उलटासुलटा करून पाहिला. "हाच गेला तर माझं मंग काय ऱ्हायलं सिस्टर?" ती म्हणाली.

आरोग्य केंद्रावरच्या डॉक्टरांनी तिला दोन गोळ्या चालू केल्या. पहिले काही महिने तिचं काही जमेना. तिचंच नाही, कुणाचंच जमेना. गोळ्या न्यायचे, पण कार्डावर आकडा जिथल्या तिथं. दर महिन्याला आढावा बैठकीत ज्या उपकेंद्राचं काम मागं, त्या सिस्टरला उभं करायचे. मी बरेचदा उभी राहिले. पन्नाशीच्या बाईला शाळेतल्या पोरीसारखं उभं करतात तेव्हा काय वाटतं ते उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही.

अशाच एका बैठकीच्या दुसऱ्या दिवशी मी गावात गेले. डोकं ठणकत होतं. उपकेंद्राच्या ओट्यावर बायका बसल्या होत्या, त्यात चाची होती. पहिल्या तिघींचं वाढलेलंच निघालं आणि माझा तोल गेला. "तुमचं बीपी वाढलं की बोलणी मला खावी लागतात," मी म्हणाले. "सगळ्यांसमोर उभं करतात मला तिकडं. नोकरीवर येईल माझ्या एखाद दिवशी. तुम्हाला काय त्याचं." मी पट्टा बांधत राहिले. घरी येईपर्यंत आपण काय बोललो ते मी विसरूनही गेले होते.

पुढच्या महिन्यापासून गाव सुधारलं.

एकेकाचा आकडा खाली यायला लागला. दोन-तीन महिन्यांत यादीतल्या बहुतेक नावांपुढं मी 'नियंत्रणात' लिहायला लागले. चाचीचं वरचं एकशे तीस-पस्तीसच्या पुढं जाईना. गावातली आशा कार्यकर्ती तारखेच्या आठ दिवस आधी घरोघरी सांगून यायची, आणि गुरुवारी माणसं अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून, वेळेवर यायची. माझी छाती फुगली. इतकी वर्षं घसा कोरडा केला त्याचं फळ मिळालं असं वाटलं. स्वतःबद्दल चांगलं काही पटायला माणसाला पुरावा लागत नाही.

लग्नसराईत माझ्या पुतणीचं लग्न निघालं. मला स्वतःसाठी हिरव्या बांगड्या भरायच्या होत्या. चाचीच्या हातची सवय, म्हणून एका सोमवारी गावातलं काम आटोपून तिच्या घरी गेले. तारीख होऊन दहा-अकरा दिवस झाले होते. चाची नुकतीच कुठल्याशा गावाहून आली होती, डोळे लाल, कपाळाला रुमाल घट्ट बांधलेला. तिनं माझा हात हातात घेतला आणि दाबायला लागली. मधेच थांबून तिनं डोळे मिटले.

"काय होतंय?" मी विचारलं.

"काही न्हाई. डोकं जड पडलंय जरा, उन्हानं."

मशीन पिशवीत होतं. मी पट्टा बांधला. वरचं दोनशे आठ, खालचं एकशे चौदा. मला मशीन बिघडलं असं वाटलं. पाच मिनिटं थांबून परत मोजलं. दोनशे चार.

"चाची, आज गोळी घेतली का?"

"आज कशाला?" ती म्हणाली. "तारखेला अजून लई दिवस हायत ना."

मला कळेचना. मग तिनं एखाद्या लेकराला सांगावं तसं सांगितलं. आशाबाई आठ दिवस आधी सांगून जाते, त्या दिवसापासून ती गोळ्या चालू करते. गुरुवारपर्यंत बराबर होऊन जातं. गुरुवारी मोजून झालं की बंद. समदेच तसं करतात. मी विचारलं, बाकीचे दिवस का नाही घेत? तिनं दाराकडं पाहिलं, सून आत आहे याची खात्री केली आणि आवाज खाली आणला.

"त्या दोनातली एक गोळी खाल्ली का घडीघडी बाहीर जावं लागतं. मी दिवसभर रस्त्यानं फिरून राहिलेली. बाईमानसानं कुठं बसावं? पुरुषाचं काय, झाड दिसलं का झालं. तारखेच्या आठवड्यात म्हणून मी घरीच ऱ्हाते, फिरतीवर जातच न्हाई."

"मग तो तरी आठवडा कशाला घेता?"

"तुमाला बोलणी बसतात ना," चाची म्हणाली. "तुमी त्या दिवशी म्हनल्या. तुमाला आमच्यापायी काहून तकलीफ?"

मला आधी राग आला, खरं सांगते. इतका आला की मी ओरडले तिच्यावर. मग हळूहळू डोक्यात शिरलं की ही बाई माझं नाव राखायला महिन्यातला एक आठवडा धंदा बंद ठेवते आहे. स्वतःच्या हातासाठी तिनं जे केलं नाही ते माझ्या नोकरीसाठी केलं. आणि ती एकटीच नाही, अख्खं गाव मला सांभाळून घेत होतं. मी ज्याला फळ समजत होते ती माझी कीव होती.

मी तिला समोर बसवून दोन्ही गोळ्या गिळायला लावल्या. म्हणाले, "डॉक्टरांना सांगून ती लघवीची गोळी बदलून देते. तोवर रोज घ्या आणि घरीच राहा."

"लगनसराई हाय सिस्टर," ती म्हणाली. "नवऱ्या ताटकळून राहतील." आणि हिरव्या बांगड्या तिनं माझ्या हातात भरल्या. मी वाकून नमस्कार केला.

इथपर्यंत सांगायला मला जड जात नाही. पुढचं जातं.

असा आकडा निघाला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवायचं, हे मला झोपेतही पाठ आहे. मी तिला मोटारसायकलवर बसवून केंद्रावर न्यायला हवं होतं. निदान फोन करून सांगायला हवं होतं की गोळी बदला. पण डॉक्टरांनी कार्ड पाहिलं असतं. कार्डावर महिनोन् महिने सगळं नियंत्रणात. जिचं इतकं चांगलं चाललंय तिची गोळी कशाला बदलायची, असं त्यांनी विचारलं असतं, मग मला चाचीचं सांगावं लागलं असतं, मग गावाचं, आणि सगळी यादीच उघडी पडली असती. त्याच्या पुढच्या मंगळवारी हिंगोलीत बैठक होती. चांगलं काम केलेल्या उपकेंद्रांत माझं नाव आहे असं मला आधीच कळलं होतं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मला उभं करणार होते ते टाळ्या वाजवायला. मी हिशेब केला, आठ दिवसांचा तर प्रश्न आहे. इतके महिने काही झालं नाही, आठ दिवसांत काय होतंय. बुधवारी सांगू.

मधे एकदा मी चाचीला फोन केला. "व्हय सिस्टर, खाऊन राहिले रोज," ती म्हणाली. पाठीमागं बायकांचा गलका आणि बँडचा आवाज येत होता. म्हणजे ती कुठल्यातरी मांडवात होती, आणि मांडवात होती म्हणजे गोळी खाल्लेली नव्हती. मला हे कळलं आणि मी बरं म्हणून फोन ठेवला.

मंगळवारी मला गुलाबाचं फूल दिलं. टाळ्या वाजल्या. मग मला म्हणाले, सिस्टर, तुम्ही हे कसं साधलं ते बाकीच्यांना सांगा. मी उभी राहिले आणि म्हणाले, लोकांशी जिव्हाळ्याचं नातं ठेवलं की लोक ऐकतात. हे वाक्य मी बोललेलं आहे. हातात चाचीनं भरलेल्या बांगड्या होत्या.

फोन बाहेर पडल्यावर आला, बस स्टँडकडे चालत होते तेव्हा. आशा कार्यकर्तीचा. चाची दुपारी एका नवरीचा चुडा भरत होती. तिच्या हातून बांगडी निसटली. परत उचलायला गेली तर हात उचलेना. तोंड वाकडं झालं. तिला जीपमध्ये घालून हिंगोलीला आणत होते. मी परत फिरले आणि सरकारी दवाखान्याच्या दारात जाऊन थांबले. जीप आली तेव्हा चाची सुनेच्या मांडीवर डोकं ठेवून होती, जागी होती. मला बघून तिनं काहीतरी म्हटलं, ते कळलं नाही. तिला तिथून नांदेडला पाठवलं.

ती वाचली. उजवा हात गेला.

बुधवारी सांगू म्हटलं होतं, ते मी बुधवारीच सांगितलं. केंद्रावरच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं, फक्त सोमवारचा आकडा सोडून. त्यांनी डोकं धरलं. मग माझ्या यादीतल्या ज्या बाया शेतात जातात, रस्त्यावर असतात, त्यांच्या त्या गोळीचं काय करायचं ते ठरवायला बसले. काहींची बदलली, काहींना म्हणाले, दिवसभराचं काम उरकून घरी आल्यावर घ्या. पाच मिनिटं लागली. मी घड्याळ पाहिलं होतं, म्हणून सांगते.

त्यानंतर मी न सांगता जायला लागले. कधी सोमवारी, कधी शनिवारी, कधी शेताच्या बांधावर. जे निघेल ते लिहायचं. लिहून लिहून माझं गाव यादीत पार तळाला गेलं. बैठकीत विचारलं, "इतकं एकदम कसं काय बिघडलं?" मी म्हणाले, बिघडलं नाही, असंच होतं. त्यावर वरच्यांपैकी एक जण म्हणाले, एवढं खरं लिहायची काही गरज असते का. मला उभं राहायची आता सवय आहे, मी उभी राहिले. गावातल्या लोकांना मात्र वाईट वाटलं. त्यांना वाटतं माझा त्यांच्यावर राग आहे. एक म्हातारा शेतकरी तर दंड पुढं करताना म्हणाला, "सांगून यायचं ना सिस्टर. गोळी खाऊन बसलो असतो." त्याला समजावता समजावता माझा अर्धा दिवस गेला, आणि तो सगळ्याला व्हय म्हणाला.

चाचीच्या घरी जायला मला दीड महिना लागला. कामं होती म्हणून नाही. रोज तिच्या दारावरून जात होते आणि त्या बाजूला बघत नव्हते.

गेले तेव्हा ती खाटेवर बसली होती. उजवा हात मांडीवर ठेवलेला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. सून टोपलीतल्या बांगड्या मापाप्रमाणे लावत होती. तिनं आता काम शिकायला घेतलं आहे, पण तिच्या हातून फार वाढतात, असं चाचीनंच सांगितलं. बोलणं थोडं जड झालं होतं, तरी सगळं कळत होतं. मी डाव्या दंडाला पट्टा बांधला. वरचं एकशे अठ्ठावीस, खालचं अठ्ठ्याहत्तर. सून रोज न चुकता गोळ्या देते. बाहेर कुठं जायचं नाही, म्हणून त्या गोळीचीही आता अडचण नाही. माझ्या यादीतलं हे पहिलं खरं 'नियंत्रणात'.

मी कार्डावर लिहीत होते तेव्हा चाचीनं डाव्या हातानं माझं मनगट धरलं.

"सिस्टर, माफ करा मला," ती म्हणाली. "त्याच दिवशी तुमची मीटिंग होती. आशाबाई सांगत होती. माझ्यापायी तुमचं नाव खराब झालं."

मला तेव्हा सांगायचं होतं. की मी सोमवारी पाहिलं होतं, आठ दिवस मला माहीत होतं, फोनमधला बँड मी ऐकला होता. तोंडापर्यंत आलं. सुनेनं चहाचा कप आणून माझ्यापुढं धरला, चाची माझ्या तोंडाकडं बघत होती, आणि मी म्हणाले, "असू द्या चाची. होतं असं."

तिचा चेहरा सैल झाला. दीड महिना हे तिच्या मनाला लागून राहिलं होतं, असं सून म्हणाली. चाचीनं तिला मला चांगलं बिस्कीट द्यायला सांगितलं. मी चहा प्यायले, बिस्कीट खाल्लं, आणि तिला माफ करून साडेचारच्या एसटीनं घरी आले.